ऑक्टोपामिन आणि दिग्रसची घोडी

प्रवासाची हकिगत सांगण्याआधी एक कबुली देतो, नाहीतर पुढचं सगळं मी तुम्हाला फसवून वाचायला लावल्यासारखं होईल. माझ्या एका वाक्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस गावची एक घोडी मेली.

मी साताऱ्याला महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो आणि एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत किड्या-मुंग्यांवर सदर लिहितो. पाठीचा कणा नसलेल्या जीवांच्या मज्जातंतूंमध्ये एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारी जी रसायनं असतात, तो माझा आवडीचा विषय. त्यांना मी सदरात 'निरोपे' म्हणतो. दिवाळीच्या सुमारास मी ऑक्टोपामिन नावाच्या निरोप्यावर लिहिलं. हा किड्यांचा, गोचिडांचा, गोगलगायींचा निरोप्या. टोळाला उडायला हाच उठवतो, काजव्याचा दिवा हाच लावतो. पहिल्यांदा तो सापडला ऑक्टोपसच्या लाळग्रंथीत, म्हणून हे नाव. लेखाच्या शेवटी मी लिहिलं: "गोचिडातला हा निरोप्या आपल्या मज्जातंतूंत नाही, म्हणून त्याच्यावर चालणारं औषध गाय, म्हैस, शेळी, घोडा, कुणालाही बाधत नाही."

'शेळी'पाशी यादी संपत होती. पण कानाला वाक्य तोकडं वाटलं. आणखी एक शब्द हवासा वाटला म्हणून मी 'घोडा' घातला. तपासला नाही.

दिग्रसच्या शेख युनूस यांच्याकडे लग्नाच्या वरातीची घोडी होती, तिचं नाव नूरी. शेळ्यांशेजारी बांधल्यामुळे तिला गोचिडं झाली होती. माझा लेख वाचून युनूसभाईंनी गोचिडाचं औषध पाण्यात मिसळून तिला धुतलं. तिचं आतडं बंद पडलं, आणि सगळ्यांनी धावपळ करूनही ती वाचली नाही. पुढे त्यांनी वर्तमानपत्राच्या कचेरीतून माझा नंबर मिळवला आणि मला फोन केला. मी घाबरलो, आता हा माणूस मला शिव्या देणार. त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं, औषध शेजाऱ्याकडून सुट्या बाटलीत आणल्याचंही, आणि फक्त विचारलं, "सर, माझं माप चुकलं अशीन का?"

मी म्हणालो, "बहुतेक माप जास्त झालं असेल."

ते म्हणाले, "हाव सर. तसंच अशीन. मेहेरबानी," आणि फोन ठेवला. त्याच संध्याकाळी मी पशुवैद्यकाचं पुस्तक काढून बघितलं. ते औषध घोड्याला लावायचंच नसतं. माप कितीही अचूक असो. पुस्तक मिटलं आणि पुन्हा फोन केला नाही. दोन महिने केला नाही.

जानेवारीत बाभुळगावच्या एका महाविद्यालयातून व्याख्यानाचं बोलावणं आलं. बाभुळगाव यवतमाळ जिल्ह्यातच. मी लगेच हो म्हणालो, आणि मनाला सांगितलं की दिग्रसही करून येऊ. मनाला अशी आश्वासनं द्यायची मला जुनी सवय आहे.

बाभुळगाव

बोलावणारे प्राध्यापक सुनील रामटेके मला न्यायला यवतमाळच्या बसस्थानकावर उभे होते. आमची ओळख फोनवरचीच. चाळिशीचे, दणकट, आणि दर चौथ्या वाक्याला थट्टा करणारे. माझी बॅग हातातून ओढून घेत म्हणाले, "सर, साताऱ्याहून विंचू-इंचू भरून आणले का काय हिच्यात? लय जड हाय."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस होता. पहिल्या वेचण्यांनंतर उरलेला, विरळ, वाळक्या झाडांवर चिकटून राहिलेला. मधूनच तुरीचे हिरवे-पिवळे पट्टे. आमच्याकडे जानेवारीत डोळ्यांना उसाची भिंत लागते, पलीकडचं काही दिसत नाही. इथे नजर थेट टेकडीपर्यंत जाते. हे मोकळेपण मला पहिल्याच तासात आवडलं.

सुनीलरावांच्या घरी बैठकीच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली पुस्तकांचं कपाट. त्यांच्या आजोबांनी धम्म स्वीकारला त्या काळची एक गोष्ट सुनीलरावांच्या पत्नी वर्षाताईंनी भाकरी थापता थापता सांगितली. आजोबांनी घरातले सगळे गंडे-दोरे काढून टाकले, पण बैलाच्या गळ्यातला काळा दोरा तेवढा राहिला, कारण बैल दोरा सोडू देईना. "मंग आजोबा म्हणे, राहू द्या, बैलानं अजून दीक्षा घेतली नाई," असं म्हणून त्या स्वतःच हसल्या.

जेवायला वांग्याचं भरीत होतं, हिवाळ्यातलं, चुलीत भाजलेलं, वर कांद्याची पात आणि कच्चं तेल. सोबत ज्वारीची भाकरी आणि मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा. वर्षाताईंनी विचारलं, "भरतावर सांबार टाकू का?" मी घाबरून नको म्हणालो. भरतावर सांबार कोण खातं? सुनीलरावांनी कोथिंबिरीची जुडी माझ्या डोळ्यांपुढे हलवली. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्या दोघांचं हसू बराच वेळ चाललं. माझंही. अनोळखी घरात इतक्या लवकर कुणी आपल्यावर हसावं, हे मोठं सुख आहे.

दुसऱ्या दिवशी व्याख्यान झालं. मी सुरुवात केली ती मेंदूच नसलेल्या जीवांपासून. गोड्या पाण्यातल्या हायड्राला मेंदू नाही, अंगभर नुसतं मज्जातंतूंचं जाळं आहे; पण निरोपे आहेत. त्याहून साधे, ज्यांना मज्जातंतूच नाहीत असेही जीव आहेत, आणि त्यांच्याही पेशी एकमेकींकडे छोटी प्रथिनं सोडून निरोप देतात. म्हणजे निरोपे आधी आले, तारा नंतर. निसर्गाने नवे निरोपे फारसे घडवले नाहीत, जुन्यांनाच नवी कामं दिली. ॲसिटिलकोलिन घ्या. माणसात ते स्नायूला सांगतं, आवळ. किड्यात ते मेंदूकडे वर्दी देतं, समोर अमुक दिसलं, तमुक वास आला. ग्लुटामेट नेमकं उलटं. आपल्यात ते मेंदूत राबतं, किड्यात स्नायू हलवतं. दोन घरांत नोकर तेच, फक्त एकाकडचा माळी दुसऱ्याकडे स्वयंपाकी.

मुलं मन लावून ऐकत होती. पाठच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, मंग फवारणीचं औषध माणसाले काहून चढते? ते तं किड्याचं हाय."

प्रश्न ऐकून सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. या जिल्ह्यात फवारणी करताना माणसं दगावली आहेत; इथे हा प्रश्न पुस्तकातला नाही, हे तेवढ्याने कळलं. मी सांगितलं, "कारण ॲसिटिलकोलिन दोघांतही आहे. निरोप पोचल्यावर त्याला पुसून टाकणारी जी व्यवस्था असते, ती काही औषधं बंद पाडतात. निरोप पुसलाच जात नाही. किड्याचं जे होतं तेच माणसाचं होतं."

"म्हणजे ते औषध किड्याचं नाई. आमचं बी हाय."

"हो," मी म्हणालो.

"मंग डब्यावर किड्याचं चित्र काहून काढते?" ती म्हणाली आणि खाली बसली. मुलं हसली. मला हसू आलं नाही. त्या पोरीने जे एका प्रश्नात गाठलं, ते मी लेख लिहिताना स्वतःला विचारलं नव्हतं. पण तिच्यासमोर मी एक सरळ उत्तर दिलं होतं. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला स्वतःबद्दल थोडं बरं वाटलं, आणि त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

संध्याकाळी सुनीलरावांनी विचारलं, "उद्या कुठं फिरायचं? तुम्ही दिग्रसचं म्हणत होते."

मी म्हणालो, "झरी जामणीचं जंगल बघायचं आहे. आग्या मोहोळं असतील."

दिग्रस यवतमाळच्या एका अंगाला, झरी जामणी पार दुसऱ्या अंगाला. सुनीलरावांनी माझ्याकडे जरा पाहिलं, मग म्हणाले, "बरं."

झरी जामणी

सुनीलरावांची गाडी जुनी होती, आणि वाटेत एका उतारावर तिने आम्हाला दगा दिला. गाडीतून आवाज येऊ लागला, मग तोही थांबला. एका ट्रॅक्टरवाल्याने दोराने ओढत आम्हाला पुढच्या गावात नेलं. ट्रॉलीत बसलेल्या बायकांनी मागे वळून वळून आमच्यावर आपली करमणूक करून घेतली. "मास्तर, गाडीले चारा नाई टाकला काय?" गावातल्या मेकॅनिकने एक पट्टा बदलला आणि दुपार व्हायच्या आत आम्ही साग आणि मोहाच्या रानात शिरलो.

रानाच्या कडेला कोलाम आदिवासींचा पोड आहे. पोड म्हणजे त्यांची वस्ती. तिथे सुनीलरावांच्या ओळखीच्या जंगूबाई राहतात. घरात त्या कोलामी बोलतात, आमच्याशी मराठी. अंगणात शेण-मातीने सारवलेला स्वच्छ ओटा आणि त्याच्यावर वाळत घातलेली बोरं. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी मग चौकशी. इथे चौकशी आधी झाली, आणि सविस्तर. बायको काय करते, पोरं किती, एकच पोरगी का, ती परदेशात कायले गेली, परत केव्हा येते. मगच पाणी आलं, आणि त्याच्याबरोबर बोरं आणि गुळाचा खडा.

गुळाच्या खड्यावर मधमाशी येऊन बसली. मी हात मागे घेतला. जंगूबाई म्हणाल्या, "राहू दे, तिले बी पाहुणचार पाह्यजे." ती माशी गेली. थोड्या वेळाने अशाच तीन-चार आल्या. मी सुनीलरावांना सांगू लागलो, की गोड लागलं हे माशीच्या मेंदूला सांगणारा निरोप्या ऑक्टोपामिनच. गोडाबरोबर जो वास आला, जो रंग दिसला, तो ती लक्षात ठेवते, ती याच्यामुळेच. माणसात तेच काम बरंचसं डोपामिन करतं.

जंगूबाईंनी विचारलं, "काय म्हणते मास्तर?"

सुनीलराव म्हणाले, "म्हणते, माशीले गूळ आवडते."

"एवढं शिकाले साताऱ्याहून आला?" त्या म्हणाल्या आणि माझ्या हातावर आणखी बोरं ठेवली.

आम्ही रानात हिंडलो. एका उंच झाडावर आग्या मोहोळ दिसलं, काळं, लटकलेलं, लांबून पाहिलं तर अंग शहारल्यासारखं हलणारं. वाळल्या पानांवर चालताना आपलाच आवाज मोठा वाटतो. मला हे सगळं बघायला मिळालं याबद्दल मी कृतज्ञ होतो आणि त्याच वेळी मला लाज वाटत होती, कारण मी ते पाहायला आलो नव्हतो. परत येताना गाडीत मी सुनीलरावांना सगळं सांगितलं. लेख, घोडा हा शब्द, फोन, पुस्तक, दोन महिने.

ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही मधमाशा पाहाले नाई आले. पळून आले."

"हो."

"अन् मले ड्रायव्हर केलं पळायचा."

त्यांनी विचारलं, "पण सर, मले एक समजलं नाई. तो निरोप्या घोड्यात नाईच, तं मंग औषध घोड्याले लागलं कसं?"

मी त्यांना जसं सांगितलं तसंच इथे सांगतो, कारण लेखात जे चुकलं ते दुरुस्त करायला मला दुसरी जागा नाही. फार फार पूर्वी, समुद्राच्या तळाशी सरपटणारा एक मऊ, अळीसारखा जीव होता. किड्यांचा आणि आपला तो सामायिक पूर्वज. त्याच्याकडे बहुधा दोन्ही निरोपे होते, ऑक्टोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन. दोन्ही एकाच मूळ द्रव्यापासून, टायरोसिनपासून बनतात, म्हणजे भाऊच. आजही समुद्रात काही कृमी आहेत, ज्यांच्याकडे दोन्ही नांदतात. पुढे वंश वेगळे झाले. किड्यांच्या घराण्याने ऑक्टोपामिन ठेवलं, नॉरॲड्रेनालिन सोडलं. आपल्या घराण्याने नॉरॲड्रेनालिन ठेवलं, ऑक्टोपामिन नावापुरतं उरलं. इथपर्यंत माझा लेख बरोबर होता. पण निरोप घ्यायला पेशीवर जी कुलपं असतात, तीही त्याच एका जुन्या लोहाराच्या भट्टीतली. निरोपे वेगळे झाले म्हणून कुलपं परकी झाली नाहीत. गोचिडाचं औषध ही एक खोटी किल्ली आहे. गोचिडाच्या ऑक्टोपामिनच्या कुलपात ती बसते आणि गोचीड झाडावरून फळ गळावं तसं गळतं. तीच किल्ली आपल्यातल्या, घोड्यातल्या नॉरॲड्रेनालिनच्या एका जातीच्या कुलपातही बसते. गाई-म्हशी ते सोसतात. घोड्याचं आतडं सोसत नाही. ते निजतं आणि उठत नाही.

सुनीलराव म्हणाले, "म्हणजे तुम्ही चुलतभावाले परका समजले."

"हो. आणि औषधाच्या मूळ डब्यावर घोड्यांसाठी नाही असं छापलेलं असतं. युनूसभाईंनी शेजाऱ्याकडून सुट्या बाटलीत आणलं होतं. त्यांच्याकडे डबा नव्हता, माझा लेख होता."

"ते तुमच्या भरोशावर गेले," सुनीलराव म्हणाले. "मंग उद्या दिग्रसले जाऊ. कायले टाळून राह्यले? भरपाईचं मंग पाहू. आधी तोंड दाखवा अन् बोला."

त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि माझ्या हातात माझाच फोन दिला. मी युनूसभाईंना फोन लावला. त्यांनी आवाज लगेच ओळखला. "सर? दिग्रसले येता? या न, या. अब्बाले सांगतो. नाई, अब्बाले तुम्हीच भेटा. ते माझ्याशी बोलत नाई सध्या."

दिग्रस

दिग्रसला शिरताना हवेत कापसाचे तंतू तरंगतात. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या गिरण्यांच्या फाटकांबाहेर भरलेल्या गाड्यांची रांग होती आणि रस्त्याकडेच्या तारांना, झुडपांना पांढरे पुंजके चिकटलेले. सुनीलरावांनी मला एका मशिदीजवळच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं. म्हणाले, "मी इथंच चहा पितो. आत तुमचं काम."

युनूसभाई गल्लीतच वाट पाहत होते. पस्तिशीचे, बारीक, केसांत कापसाचे तंतू. घोडी गेल्यापासून ते हंगामापुरते जिनिंगमध्ये कामाला जातात. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि दारादारात थांबून लोकांना सांगितलं, "हे पेपरातले सर. साताऱ्याहून आले, आपल्या नूरीसाठी." एका शिंप्याने दुकानातून खाली उतरून मला सलाम केला. मला त्या गल्लीत जमिनीत शिरावंसं वाटलं.

"अब्बाची काय तक्रार आहे?" मी चालता चालता विचारलं.

"त्याईनं मले म्हटलं होतं, आधी जनावराच्या डॉक्टरले इचार. मी म्हटलं, अब्बा, सरांनं लिहिलं, घोड्याले चालते. वाचून दाखवलं त्याईले. मंग हे झालं. तुम्हाले फोन केल्यावर मी त्याईले सांगतलं, लिहिणाऱ्याचं बरोबर होतं, माझंच माप चुकलं. तवापासून बोलणं बंद." ते थोडे हसले. "घरात पाणी पाह्यजे तरी माझ्या पोरीले सांगते, तुझ्या बापाले म्हणा हंडा भर."

म्हणजे फोनवरच्या माझ्या त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून हा माणूस दोन महिने बापासमोर खाली मान घालून जगत होता. घोडी मेली हे मला ठाऊक होतं. हे ठाऊक नव्हतं.

घर छोटं, पुढे अंगण. जिथे नूरीला बांधत तिथे आता दोन शेळ्या होत्या. बशीरचाचा, युनूसभाईंचे वडील, अंगणात बाजेवर बसून वरातीचा साज घासत होते. पितळेची घुंगरं, कपाळावरची कलगी, आरशांची झूल. पौष महिना, हिंदूंची लग्नं थांबलेली, साज पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या घोडीवर जाणार होता. त्यांनी वर न बघता विचारलं, "कोण आलं?"

युनूसभाईंनी मला पुढे केलं. मीच नाव सांगितलं.

चाचांनी घुंगरू खाली ठेवलं आणि डोक्यावरची टोपी सारखी केली. "बसा सर. दुरून आले." आतून एक लहान मुलगी चहा आणि नानखटाई घेऊन आली. मी चहा हातात घेतला. चाचांनी न विचारताच नूरीचं सांगायला सुरुवात केली. कशी ती बँडच्या ढोलाला भीत नसे, पण फुग्याला भीत असे. कसं नवरदेवाकडच्या बायांनी तिला भिजवलेली चण्याची डाळ खायला दिली की ती सगळ्यात आधी नवरदेवाची शेरवानी हुंगायची. एकदा दारव्ह्याला एक जाडजूड नवरदेव बसल्यावर ती खाली बसली आणि उठेचना. "लोकं हसले. नवरदेव रागावला. म्या म्हटलं, बेटा, तिले नको बोलू, तिले खरं बोलायची आदत हाय."

मी हसलो, आणि हसताना डोळे भरले. माझ्याकडून हा माणूस दुखावला गेला होता आणि तो मला आपल्या घोडीच्या गोष्टी सांगून पाहुणचार करत होता. आजवर माझ्या आयुष्यात खूप लोकांनी मला जेवू घातलं आहे. त्या अंगणातल्यासारखं मला कुणी काही दिलं नसेल.

मी चहा खाली ठेवला. "चाचा, मला एक सांगायचं आहे."

"सांगा न."

मी सुरुवात केली, आणि सवयीने शिकवायलाच लागलो. गोचिडाचा निरोप्या, घोड्याचा निरोप्या, समुद्रतळाचा तो जुना पूर्वज. शेळ्या माझ्याकडे बघत रवंथ करत होत्या. चाचांनी बराच वेळ ऐकलं. मग हात वर केला.

"सर, किड्याचं राहू द्या. लय अच्छं हाय ते, पण माझ्या डोक्यात बसत नाई. मले एकच सांगा. पोराचं माप बराबर होतं, का नव्हतं?"

युनूसभाई दारात उभे होते, चौकटीला टेकून.

"बरोबर होतं," मी म्हणालो. "ते औषध घोड्याला लावायचंच नव्हतं. थेंबभरही नाही. मी पेपरात चुकीचं लिहिलं. चाचा, मला माफ—"

"थांबा." त्यांनी हात खाली घेतला नाही. "मले कायले म्हणता? मी तं तुमचं ऐकलंच नव्हतं. म्या तं म्हटलं होतं, डॉक्टरले इचार." त्यांनी दाराकडे बोट केलं, आणि त्या दिशेने बघितलंही. "थो ऐकला तुमचं. रातभर तिचं पोट चोळत बसला थो. माझ्या शिव्या खाल्ल्या त्यानं. त्याले सांगा."

मी बाजेवरून उठलो. अंगण लहान होतं, दार चार पावलांवर, आणि तेवढं चालताना मला साताऱ्याहून इथपर्यंत येण्याहून जास्त वेळ लागल्यासारखं वाटलं. युनूसभाई मला येताना बघून घाईने म्हणाले, "जाऊ द्या सर, तुम्ही आले हेच—" पण बापाच्या नजरेने ते थांबले.

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"युनूसभाई, तुमचं माप बरोबर होतं. घोडा हा शब्द मी न तपासता लिहिला, आणि नूरी त्याने गेली. तुम्ही फोन केलात तेव्हा मला उत्तर ठाऊक नव्हतं, तरी मी चूक तुमच्यावर ढकलली. त्याच संध्याकाळी मला खरं कळलं, आणि मी तुम्हाला दोन महिने कळवलं नाही. चूक माझी होती, तुमची कधीच नव्हती. मला माफ करा."